शेरडांची वाट

रतनबाईनं काठी आडवी धरली आणि तिची अकरा शेरडं टेकडीवर जागच्या जागी थबकली. पुढे पाणलोटाचं काम शिकवायला सावेडीहून आलेली सुकन्या दोन काठ्यांना बांधलेली पाण्याची नळी घेऊन उभी होती. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी सारख्या पातळीत आलं की तिथं फक्की टाकायची, आणि त्या पांढऱ्या रेघेवर उद्या सगळ्या गावानं पावसाचं पाणी अडवायला चर खणायचा, असं ठरलं होतं.

ग्रामसभेत आणखीही एक ठरलं होतं. हा पहिला चर पावसात टिकला तर टेकडीवर पाच वर्षं चराईबंदी. फुटला तर टेकडी पहिल्यासारखी मोकळी. रतनबाईनं हात वर केला नव्हता. चाळीस वर्षं ती इथं शेरडांमागं हिंडली होती. ती विकून घरात बसायचं म्हणजे जितेपणी मातीत जाण्यासारखंच. चर फुटावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

"आजी, ही पाऊलवाट कुणी आखली?" सुकन्यानं विचारलं. "चार ठिकाणी मोजली. बोटभरही चढ-उतार नाही."

"आखतंय कोन? शेरडं चढ टाळत्यात. त्यांच्या मागं मी."

"मग तुम्हीच पुढं चाला. आम्ही मागून फक्की टाकत येतो."

शेरडं निघाली, मागोमाग ती. वाट पायांना पाठ होती, त्यामुळे मन भलतीकडेच तरंगत राहिलं. आपल्याही पुढं कुणी तरणी रतन पाठीला पोर बांधून चालली आहे, आणि ती वळणाआड गेली की टेकडी हिरवी होत जाते आहे, असं तिला वाटलं. खाली धुरकट गावात टँकरभोवती घागरी दाटल्या होत्या.

तिनं मागं वळून पाहिलं. बौद्धवस्तीतला भीमा आणि पाटलांचे आप्पासाहेब फक्कीचं एकच घमेलं दोघांत धरून येत होते. एरवी टँकरवरून दोघांचा छत्तिसाचा आकडा. त्यांच्यामागं उभ्या गावची रांग होती, तिच्या पावलावर पाऊल टाकत. तिला भरून आलं. सुकन्यानं तर मोजणं केव्हाच सोडून नळी खांद्यावर टाकली होती.

बाभळीपाशी वाट हात-दीड हात खाली उतरून पुढं पुन्हा वर चढत होती, डोळ्यांना कळू नये इतकी हळूहळू. इथं चर खणला तर सगळं पाणी याच जागी तुंबणार आणि पहिल्याच वळवाला चराचा मातीचा बांध वाहून जाणार, हे रतनबाईला कळत होतं. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. दोन पावलं ती उतरलीसुद्धा.

मग थांबली.

"हितं ही वाट खोटी हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?" सुकन्या जवळ आली.

"खाली आमच्या मालकांचं औत चालायचं. त्यास्नी भाकरी द्याया मी उतरायचे, शेरडं बी उतरायची. ही माझी वाट हाय. पान्याची न्हाई."

आप्पासाहेबांनी घमेलं खाली टेकवून विचारलं,

"मग रतनकाकू, पानी कुठनं न्यायचं?"

शेरडं सवयीनं उताराला लागली होती. रतनबाईनं त्यांना हाक मारली नाही. तिनं पदर खोचला आणि समोरच्या कुसळांतून, जिथं तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं तिथून, ती एकटीच सरळ चालू लागली.