बंकट सरांचं पाणी

बंकट सर मुळात इतिहासाचे. विज्ञानाच्या मास्तरची जागा चार वर्षं रिकामी, म्हणून दहावीचं रसायनशास्त्रही त्यांच्याच गळ्यात पडलेलं. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. ज्या माणसानं दोन महायुद्धं एका तासात आटोपली, त्याला समीकरणं काय जड जाणार?

सरांनी फळ्यावर लिहिलं: H₂ + O₂ → H₂O. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. सरांनी डोकं खाजवलं आणि पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक बारीकसा दोन चिकटवून दिला.

"झालं संतुलित! उगं बाऊ करतेत लोक."

पाण्याचं H₂O₂ झालं. म्हणजे त्या दिवशी अख्ख्या वर्गानं पाण्याऐवजी जखमा धुवायचं औषध तयार केलं आणि सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं.

दिपालीला मात्र ते पचेना. तिला चुकून चालणारच नव्हतं. गेल्या हंगामात उसाच्या फडात तिच्या आईची कंबर धरली ती धरलीच. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघायची आणि तिच्या वडिलांना, अजिनाथआबांना, जोडीला माणूस नव्हतं. आबांनी सरळ सांगितलं होतं, "चाचणीत विज्ञानात पास झालीस तर आईपशी राहून शाळा शिक. न्हाईतर चल माज्यासंगं. नापासच व्हायचं तर फडात काय वाईट हाय?"

म्हणून तिनं चक्क पुस्तक उघडलं. आमच्या शाळेत हा प्रकार क्वचितच घडतो. त्यात लिहिलं होतं की सूत्रातले आकडे बदलायचे नाहीत, फक्त सूत्राच्या आधी आकडा लिहायचा. हे वाचल्यावर तिला एकदम कोयता आठवला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाला माणसं वाढवायची असली तर तो दोन कोयते घेतो, चार घेतो. एकाच जोडीत तिसरं माणूस कोंबून तिला कुणी कोयता म्हणत नाही. तिनं हायड्रोजनच्या आधी दोन लिहिला, पाण्याच्या आधी दोन लिहिला आणि अणू मोजले. दोन्हीकडे हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन.

चाचणीत तिनं सगळी समीकरणं अशीच सोडवली आणि तिला वीसपैकी तीन मार्क पडले. सरांच्या पद्धतीनं लिहिणारी बाकी एकोणतीस पोरं पास.

ती पुस्तक घेऊन गेली, तर सर म्हणाले, "पुस्तकात छापणाऱ्याच्या चुका असतेत. इतिहासात तर लई असतेत."

दुसऱ्या दिवशी ती आबांनाच शाळेत घेऊन आली. आबांना अक्षरओळख नव्हती. तिनं खडू घेतला आणि कोयत्याचा हिशेब लावून सगळं फळ्यावर मांडलं. आबांनी बोटांवर जोड्या मोजल्या. मग सरांकडे वळले.

"मंजी सर, तुमी जोडीत जादा माणूस घुसवला व्हय?"

सरांनी पुस्तक ओढलं, वाचलं, हळूच मिटलं. त्यांचे कान लाल झाले. पण चूक कबूल करायची म्हणजे एकोणतीस जण नापास, आणि सरांची अब्रू जायची ती वेगळीच.

"अजिनाथराव, मार्क रजिस्टरला शाईनं चढलेत. आता खोडता येत नाहीत."

"ऱ्हाऊ द्या की तुमचं रजिस्टर," आबा म्हणाले. "माजी पोरगी पास हाय. बाकीच्यांचं तुमी बघा."

दिपालीला उडी मारावीशी वाटली. फाटकाबाहेर आल्यावर मात्र ती चरकली.

"आबा, मग तुमच्या जोडीला कोन?"

"कोन न्हाई. अर्धा कोयता म्हनून जाईन. तोडायचं मीच, मोळ्या बांधायच्या मीच, वाहायच्या बी मीच." आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "तू तेवढं बोर्डाच्या परीक्षेआधी त्या मास्तरला पानी करायला शिकव."