परगावची भिकुबाई

"कुठल्या गावच्या?" नव्या धर्मशाळेच्या दारात बसलेल्या जीवराम मुनिमाने विचारले.

"आठलीच शे मी," भिकुबाई हसून म्हणाली. "हाई मन्हंच घर व्हतं ना, भाऊ."

"मग नाही राहता येणार, आजी. ही जागा परगावच्या यात्रेकरूंसाठी. शेठजींचा नियम आहे."

भिकुबाईला आधी थट्टाच वाटली. मागे सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या आणि पद्मालयाच्या गणपतीला जाणारे लोक एरंडोलात मुक्काम करू लागले. पांडवांच्या या जुन्या गावाला मग एकाएकी स्वतःचा थोरपणा आठवला. रस्ते रुंद झाले, पेढ्यांची दुकाने आली. मुंबईच्या एका शेठजींनी धर्मशाळेचे मनावर घेतले, आणि जागा पसंत पडली ती नेमकी या निपुत्रिक विधवेची. पंचांतले सुकदेवनाना तिच्या ओट्यावर येऊन बसले.

"देवनं काम शे, अक्का. जागा दी टाक. जीव शे तवलोंग एक खोली तुनी."

तिने दुसरे काही मागितले नाही. बांधकाम चालले तोवर ती शेजारच्या गोठ्यात निजली आणि गवंड्यांना पाणी पाजत राहिली.

आता ती तडक नानांकडे गेली. नाना सुपारी कातरत होते.

"नियम शेठना शे, अक्का. मी काय करू?"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. असल्या माणसाच्या शब्दावर आपण घर मोडले, याचा भिकुबाईला स्वतःचाच संताप आला.

चतुर्थीच्या दिवशी ती गावाबाहेर, मोटार थांबायची तिथे गेली. बोचके काखोटीला मारून उतरलेल्या यात्रेकरूंच्या घोळक्यात शिरली आणि त्यांच्याबरोबर गावात परत आली.

जीवरामने तिला ओळखले. मागे माणसे खोळंबली होती.

"कुठल्या गावच्या?" त्याने हळूच विचारले.

"बोरखेडानी," तिने माहेर सांगितले. तिथे आता तिचे कोणीच उरले नव्हते.

"तीन रात्री, आजी. पुढे नाही." खाली बघतच त्याने तिला आत सोडले.

परसातली विहीर तेवढी जुनी राहिली होती. विहिरीवरून अंदाज बांधत भिकुबाईने आपल्या चुलीची जागा हुडकली आणि तिथेच वाकळ पसरली. शेजारी एक यात्रेकरू बाई पोराला थोपटत होती.

"पहिल्यांदाच आल्या का हो इथं?" तिने विचारले.

भिकुबाई थंडगार फरशीवरून हात फिरवत होती.

"हा माय," ती म्हणाली. "पहिलीच खेप."