आळणी भाकरी

"माय, खरं सांग. आबाले चोरून मीठ देस का तू?"

वॉर्डाच्या दारातच नवल आईवर ओरडला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा नवरा आवाज चढवणारा नाही हो, पण आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, पाय पुन्हा सुजले होते. शिंदखेड्याहून त्यांना धुळ्याला आणलं, तर डॉक्टर तोंडावरच बोलले. हृदय अशक्त आहे, मीठ कुठूनतरी पोटात जातंय, असंच चाललं तर माणूस हातचा जाईल.

सासूबाई पदराचं टोक चुरगाळत म्हणाल्या, "नही रे भाऊ. बठ्ठं आळणी शे. मी बी तेच खास."

खरंच होतं ते. दिवाळीपासून मिठाची बरणी माळ्यावर टाकली होती त्यांनी. नवऱ्याला आळणी वाढून आपण चवीचं खाणं त्यांना जमलंच नसतं. आणि लेक त्यांना खोटारडी ठरवत होता! असा राग आला मला त्याचा.

मी दोघांना ओढतच दिपमाला मॅडमकडे नेलं. त्या तिथल्या आहारतज्ज्ञ. माझा फोन मी त्यांच्यापुढे धरला. आबांचं रोजचं खाणं मी ॲपमध्ये भरायचे. भाकरीपुढे सोडियमचा आकडा जवळजवळ शून्य होता.

"हा आकडा कुठून घेतला ते लिहिलंय का यात?" मॅडमनी विचारलं.

मी वर-खाली करून पाहिलं. कुठेच नव्हतं.

"मग राहू दे तो. ज्वारीचा असेल, नाहीतर कुणी अंदाजानं भरला असेल." त्यांनी हैदराबादच्या पोषण संस्थेचं जाड पुस्तक उघडलं. "हे तपासून काढलेले आकडे आहेत. पण एकेका कच्च्या धान्याचे. आबा कोणती भाकरी खातात?"

"कळण्याची," मी म्हणाले. "ज्वारीत उडीद घालून दळतो आम्ही."

"मला माहिताय, मी जामनेरची. पण कळणा या पुस्तकात नाही, आणि घरोघरी तो वेगळा असतो. एकेक जिन्नस घेऊन बेरीज करावी लागेल. आई, दळणात काय काय टाकता?"

सासूबाईंचा चेहरा जरा खुलला. दिवसभरात पहिल्यांदा कुणी त्यांना नीट काही विचारलं होतं. हातानं टाकून दाखवत त्या सांगायला लागल्या, "जवारी. आख्खा उडीद. जराशी मेथी. आन्..."

हात तसाच थांबला.

"आन् खडामीठ," त्या म्हणाल्या. "माय वं!"

कोठीजवळचं खडामीठ हे दळणाचं. त्यांच्या लेखी ते स्वयंपाकातलं मीठ नव्हतंच. त्यांच्या सासूनं शिकवलं तसं धान्यावर मूठभर टाकायचं आणि डबा चक्कीवर पाठवायचा. ती खारट चव आम्हा सगळ्यांना पिठाचीच वाटायची. त्यातून बाकीचं ताट आळणी, म्हणून आबा भाकरीच जास्त खायचे.

"मीच दिन्हं ना रे त्यासले," म्हणत त्या मटकन खाली बसल्या. नवल त्यांच्या पायाशी बसला.

"आई, तुम्ही लपवलं असतं तर हे कधीच सापडलं नसतं," मॅडम म्हणाल्या. पण सासूबाईंचं लक्ष नव्हतं.

आबांना सांगितलं, तर ते हसले. "तरीच! तरीच भाकर गोड लागे." त्यांच्या हसण्यानंच सासूबाईंना रडू फुटलं.

त्यानंतर बिनमिठाचं दळण सुरू झालं. सूज ओसरली. आबा पारापर्यंत जाऊन यायला लागले, परत आल्यावर भाकरीला नावं ठेवायला लागले. सासूबाई ऐकून घ्यायच्या. पण हृदय थकलेलंच होतं. चैत्रात ते झोपेतच गेले. नवलनं आईजवळ बसून नुसता तिचा हात धरून ठेवला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नैवेद्यासाठी कळणा दळायचा होता. मी ज्वारी, उडीद, मेथी मोजून डब्यात घातली, झाकण लावायला घेतलं.

"थांब, मेघा."

सासूबाई कोठीकडे गेल्या. मूठ भरून खडामीठ आणलं आणि धान्यावर सोडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आते काय व्हस त्यासले," त्या म्हणाल्या. मग हातानं सगळं दळण खालवर केलं आणि डबा माझ्याकडे दिला.