वस्तऱ्याचा कप्पा

मी धोकटी बोलतेय. केस कापणाऱ्या कारागिराची हत्यारं पोटात गुंडाळून नेते ना, तीच. आधीच सांगते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. पोटात कातर आणि वस्तरा बाळगणारीने तो ठेवावा तरी कसा?

तंबूच्या उरलेल्या जाड कापडातून कारागिराच्या बायकोने मला हाताने शिवलं. कंगव्याला, कातरीला, चिमट्याला वेगळे कप्पे, आणि वस्तऱ्याच्या कप्प्याला आतून चामड्याचं अस्तर. सुई बोटात घुसली, पण टाका वाकडा पडू दिला नाही तिने.

मग मालकाच्या काखेत बसून मी घरोघर फिरले. गिऱ्हाईक मान पुढे करतं, डोळे मिटतं आणि खुशाल घरातली गुपितं सांगत बसतं. वस्तरा गळ्याशी असताना! मला ते कधीच पटलं नाही.

अलीकडे घरातच काहीतरी शिजत होतं. दुपारी मालक आडवा झाला की बाई दबक्या पावलांनी यायची, माझी नाडी सोडायची, वस्तरा ओट्याच्या दगडी कडेवर ओढून बोथट करायची आणि गुपचूप जागेवर ठेवायची. सकाळी मालक बिचारा चामडी पट्ट्यावर घासून घासून दमायचा.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ‘धंदा बंद करा, माझ्याकडे राहायला या,’ म्हणून मुलगा कधीचा मागे लागला होता. त्यानेच आईला फितवलं असणार. जिने मला शिवलं, तीच नवऱ्याच्या पोटावर पाय द्यायला निघाली, याचा मला फार राग आला.

एके सकाळी शाळेच्या मास्तरांना कानाखाली वस्तरा लागला. मास्तर ‘असू दे’ म्हणाले, पण मालकाचा चेहरा उतरला. घरी येऊन त्याने मला जमिनीवर उलगडलं. म्हटलं, आता हिचं बिंग फुटणार.

“वस्तऱ्याला तू हात लावतेस?”

बाईने मान खाली घातली. “हो. तुमचा हात थरथरतो. कुणाचं काही बरंवाईट झालं तर? म्हटलं, धारच नसली म्हणजे भीती नाही.”

“अगं वेडे, बोथट वस्तराच कापतो. दाबावा लागतो ना तो.”

बाई पांढरीफटक पडली. मालक आपल्या हाताकडे बघत बसला. हल्ली माझी गाठ सैल बसायची, हे मला कळत होतं. पण दोष मी नाडीला देत होते.

“सुई आण,” तो शेवटी म्हणाला. “हा कप्पा शिवून टाक. दाढी बंद. केस कापीन, जमेल तोवर.”

“वाईट नाही वाटणार तुम्हाला?”

“वाटेल की. तू शिव.”

तिने शिवला. या वेळी टाके वाकडे पडले.

वस्तरा आता कपाटात असतो. मालक मला उलगडतो, तेव्हा त्याची बोटं आधी त्या बंद कप्प्यावर जातात आणि मग कातरीकडे वळतात. माझी एवढीच विनंती आहे. त्याच्यापुढे बसाल, तेव्हा त्या बोटांकडे बघू नका. नेहमीसारखी मान पुढे करा, डोळे मिटा आणि खुशाल घरातली गुपितं सांगत बसा.