एकवीस दिवस डायरेक्ट

खटका पुन्हा पडला. मोतीरामने तो वर केला, आणि बोट काढायच्या आत तो खाली.

"नवा हाय ना?" मागून पांडुरंगराव म्हणाले. "नागपूरहून यायची एकवीस दिवस वाट पायली. हाबी खराब?"

मोतीरामने उत्तराऐवजी टेस्टर काढला. एरवी त्याला गप्प करायला दोन माणसं लागत. पांडुरंगरावांनी आदिलाबादेत फंक्शन हॉलमागे पोहण्याचा तलाव बांधला, तेव्हापासून तिथल्या पॅनलचं काम त्याच्याकडे होतं. पंप, क्लोरीनची मोटर, पाण्याखालचे दिवे, सगळं त्या पेटीतून आपोआप चाले. त्यावर राखणीला हा ईएलसीबी. मोतीराम त्याला खटकाच म्हणे. वीज कुठे जराशी झिरपली की तो पडायचा आणि सगळं बंद करायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो सारखा पडू लागला. मोतीरामने अर्ध्या जिल्ह्यातल्या विहिरींवर केलं होतं तेच इथेही केलं. खटकाच खराब म्हणाला, काढला आणि तारा डायरेक्ट जोडून दिल्या. नाचता येईना, अंगण वाकडं. पोरांच्या सुट्ट्या लागलेल्या, पोहण्याचा क्लास भरलेला. तलाव बंद ठेवा म्हणायची कुणाची छाती होती?

आता मात्र त्याला एका जागी उभं राहवेना. पंपाची तार काढली, खटका पडला. क्लोरीनची काढली, पडला. तो पाण्यापर्यंत गेला, परत आला, टेस्टर खिशात घातला, पुन्हा काढला. मग शिडीजवळच्या दिव्याची तार सोडवली. खटका वर राहिला.

म्हणजे वीज त्या दिव्यातून पाण्यात झिरपत होती. जुना खटका खराब नव्हता. तो एकटाच खरं बोलत होता, आणि मोतीरामने त्यालाच उपटून फेकलं होतं.

पाणी साफ करणारा महिपत पलीकडे जाळी घेऊन उभा होता.

"महिपत, त्या दिवशी शिडीचं काय म्हनत होता तू?"

"शिडीले हात लावला का मुंग्या येतेत, म्हनलं होतं. तुमी म्हनले, कालची उतरली नाई काय." महिपतने जाळी झटकली. "मी पीतबी नाई, मोतीरामभाऊ."

हे मोतीरामला चांगलं माहीत होतं. मालकासमोर हशा मिळतो म्हणून बोलला होता तो. आता त्याला इतकी लाज वाटली की महिपतकडे बघवेना.

त्याने पांडुरंगरावांना सगळं सांगितलं. ते पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन आले.

"कोनाले काई झालं काय?"

"नाई, पटेल," मोतीराम म्हणाला. मालकाला सगळे पटेलच म्हणत.

"मंग झालं तर. तो दिवा तोडून टाक, खटका लाव, क्लास चालू दे."

"बाकीचे दिवे उघडून पायल्याबिगर नाई. आज बंदच ठेवा लागल."

"बरं, बंद. पंप बिघडला म्हनून सांगतो." पांडुरंगराव जवळ आले. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "तू बोलू नको. माह्यं एक जाऊ दे, जैनथपासून इंद्रवेल्लीपर्यंत तुले कोन बलावल मंग?"

"एखाद्या लेकराच्या हाताले मुंग्या आल्या असतीन, पटेल. त्यानं घरी सांगतलं असंल, अन् त्यालेच खोटं पाडलं असंल, मी ह्या महिपतले पाडलं तसं."

फाटकाशी पोरं आणि त्यांचे आईबाप जमले होते. मोतीरामने आधी मराठीत सांगितलं, मग मोडक्यातोडक्या तेलुगूत. पाण्यात करंट उतरत होता. पडणारा खटका मी काढला होता. एकवीस दिवस. दोघीतिघींनी पोरांना मागे ओढलं. एक बाप फोन काढून पांडुरंगरावांकडे तरातरा गेला. मोतीराम शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

भाग्यलक्ष्मी म्हणून एक बाई होती, शाळेत शिकवणारी. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"कोन्त्या शिडीपाशी?" तिने विचारलं.

मोतीरामने बोट दाखवलं.

"ही म्हनत होती," ती आपल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "मुंग्या येतेत, मी नाई जात म्हने. बहाने करते म्हनून मी मारलं हिले. दोनदा."

पोरगी, मयूरी, आठेक वर्षांची असेल. तिने फक्त एकदा मान वर करून आईकडे पाहिलं. भाग्यलक्ष्मीने तिचे दोन्ही तळवे हातात घेतले आणि तिथेच, उन्हात, ते चोळत बसली.