भाग्यश्रीसाठी साखळी

आमचे हे, म्हणजे साळवे, चाकणच्या कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, पण त्यांच्या डोक्यातली शिफ्ट काही सुटली नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, आणि थेरगावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत साखळी प्रार्थना लागली की मग विचारूच नका. ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या घरी तासभर गुडघे टेकायचे, तास संपला की पुढच्याला फोन लावायचा, आणि तो "बसलो" म्हणेपर्यंत उठायचं नाही. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा कंपनीतला नियम त्यांनी सरळ देवाच्या घरात आणून ठेवला. मंडळीतले निम्मे लोक कारखान्यातलेच, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. मला मुळी एका जागी बसवतच नाही. कुणी आजारी पडलं की मी डबा घेऊन निघते आणि हे डोळे मिटून बसतात. "तुमचं बरंय बाई, बसल्या जागी सेवा," असा टोमणा मी किती वेळा मारला असेल त्यांना!

परवाची साखळी भाग्यश्रीसाठी होती. आमच्या शेजारच्या खोलीत नवनाथ राहतो, हिंगोलीकडचा, कंपनीत कंत्राटावर. भाग्यश्री त्याची बायको. विशीतली पोरगी, पहिलंच बाळंतपण. सकाळी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं आणि नवनाथनं तिला रिक्षात घालून थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून त्याचा फोन आला.

"मावशी, ऑपरेशन करायचंय. रक्त लई गेलंय. रक्ताची सोय करा म्हणतेत डॉक्टर." बोलता बोलता तो रडायलाच लागला.

त्यांचे देव वेगळे, आमचा वेगळा. पण ती पोरगी रोज माझ्या ओट्यावर येऊन भाजी निवडायची. माझ्या पोटचीच म्हणा ना.

साळव्यांनी लगेच फोनाफोनी केली. पहिला तास त्यांचा, दुसरा माझा, मग बाकीच्यांचा. त्यांचा तास होईपर्यंत मी कशी कळ काढली ते माझं मला माहीत.

मग मी चटईवर गुडघे टेकले. "प्रभू, भाग्यश्रीला रक्त मिळू दे." दुसरं काही सुचेच ना. तेच पुन्हा, तेच पुन्हा. म्हणता म्हणता माझं लक्ष जोडलेल्या हातांवर गेलं. अगं बाई! हिरव्या शिरा नुसत्या टरारून वर आलेल्या. रक्त मी मागतेय कुणाकडे, आणि ते आहे कुठं? मी ताडकन उठले आणि चपला शोधायला लागले.

"कुठं निघालीस? पाळी संपली नाही तुझी," साळवे म्हणाले.

"रक्त द्यायला."

"आणि साखळी?"

"साखळी गेली खड्ड्यात!" बोलून गेले आणि जीभ चावली. "अहो, त्यानंच उठवलं मला. मी मागत होते आणि त्यानं मला माझाच हात दाखवला. आता नुसती बसून राहिले तर ती प्रार्थना कसली?"

आता आवाज चढणार, असं मला वाटलं. पण ते गुपचूप माझ्या जागेवर जाऊन बसले.

"जा," म्हणाले. "तुझा तास मी करतो. ओव्हरटाइम समज."

रक्तपेढीत मी बाही वर करून ऐटीत बसले. तिथल्या पोरीनं बोट टोचून थेंबभर रक्त तपासलं आणि मान हलवली. "काकू, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुमचं नाही घेता येणार." असा संताप आला मला! गावभर डबे पोचवायचे आणि स्वतः मात्र चहा-चपातीवर दिवस काढायचे, त्याची ही फळं. बाहेर येऊन मी घरी फोन लावला.

"अहो, सगळ्यांना इकडे धाडा. कुठल्याही गटाचं चालेल, त्याच्या बदल्यात तिच्या गटाचं देतायत."

"सगळे तिकडे आले तर प्रार्थनेला कोण?"

"तुम्ही आहात की! तुमचं रक्त द्यायचं वय उलटलंय, तुमचं कुणी घेणार नाही."

मग ते म्हणाले, "बरं. मी बसतो. एकेकाला पाठवतो."

आणि आले की सगळे! कुणी चाकणहून बाइकवर, कुणी सेकंड शिफ्टला उशिरा येतो म्हणून कळवून. मंडळीचे पाळकसाहेब तर सगळ्यांच्या आधी रक्त द्यायला खाटेवर आडवे झाले. पिशव्या वर गेल्या, ऑपरेशन सुरू झालं, आणि मला करायला काहीच उरलं नाही.

नवनाथची आई कौशल्याबाई ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझा हात धरला. "ताई, तुमच्या देवाला सांगा ना."

"सांगितलंय, माय."

"येकदा सांगून थांबू नका. सांगत ऱ्हावा."

खरं सांगते, आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही. तिचा हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणत राहायचं, आणि ते बंद दार बघायचं. दहा जणांचा स्वयंपाक परवडला. दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती आणि भाग्यश्री धोक्याबाहेर होती. कौशल्याबाई माझ्या गळ्यात पडली. नवनाथला तर हसावं की रडावं ते कळेना.

साळव्यांना सांगायला फोन लावला तर बंद. सगळ्यांना निरोप दिल्यावर त्यांनी तो बंद करून टाकला होता. मी धावतपळत घरी आले. हे चटईवरच होते, डोकं कॉटच्या कडेला टेकलेलं, ओठ हलत होते. सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

"अहो, वाचली! मुलगी झाली," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली आणि हा एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. पस्तीस माणसांना धाकात ठेवणारा माझा नवरा!

"रत्ना," ते म्हणाले, "मला सकाळपासून वाटत होतं, ती जाणार. एकदासुद्धा वाटलं नाही गं, की वाचेल."

"मग दिवसभर इथं काय करत होता?"

"मागत होतो."

मला वाटायचं, या माणसाचा विश्वास पहाडासारखा, म्हणून याला बसणं सोपं जातं. मी तिथंच त्यांच्याजवळ बसले आणि मलाही रडू फुटलं. मग त्यांना धरून उठवलं आणि ताट गरम करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाग्यश्रीसाठी पेज केली. डबा भरून वळते तर हे दारात उभे, पायात चपला घालून. "दे इकडे," म्हणाले, "आज मी नेतो. तू बस."

आणि मी चटईवर बसले.