टॅलोचा सहावा भाग आणि ब्रायडीचं घड्याळ

सोमवारी सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना ब्रायडी कॅव्हनाचा लेख आला, आणि इलोनाला पहिली शंका तिथेच आली. ब्रायडी आणि वेळेवर? गेले तीन आठवडे ती लेख मागायला गेलं की पोटात दुखतंय, प्रिंटर बंद पडलाय, कुत्र्याचं लग्न आहे, असलं काहीही सांगत होती. शेवटी इलोनानेच शुक्रवारी तिला जिन्यात गाठून दम भरला होता, "सोमवारी आठच्या आत नाही आला ना, तर सदर दुसऱ्या कुणाला तरी देईन. मैत्री गेली खड्ड्यात."

इलोना सिल्वासी या सत्रापासून शाळेच्या साप्ताहिकाच्या करमणूक पानाची संपादक झाली होती. कॅनडातल्या हॅमिल्टनसारख्या पोलादाच्या गावात साप्ताहिकाचं नाव 'भट्टी' असणार हे उघडच होतं, आणि त्याची खोली शाळेच्या तळघरात बॉयलरच्या शेजारी होती, म्हणजे नाव आणि जागा दोन्ही जुळून आलं होतं. पान हातात आल्यापासून इलोना चालायचीसुद्धा वेगळी. आधी ती भिंतीच्या कडेने जायची, आता कॉरिडॉरच्या मधून.

ब्रायडीचं सदर सगळी शाळा वाचायची. दर आठवड्याला 'टॅलो' मालिकेचा जो भाग रविवारी रात्री नऊला लागायचा, त्याचं दोन रकान्यांत पोस्टमॉर्टम. एका रकान्यावर 'जमलं', दुसऱ्यावर 'फसलं'. टॅलो म्हणजे मेणबत्त्यांच्या कारखान्यातल्या आगीतून एकटा वाचलेला रखवालदार. त्याला आता आग लागत नाही, तोंडाला काजळी फासून तो गुंडांची हाडं मोडत हिंडतो, आणि मेलेल्या बहिणीला आठवून कण्हतो. मालिका इतकी काळोखी, की इलोनाच्या बाबांनी पहिल्या भागाला उठून टीव्ही पुसला होता.

लेख मात्र झकास होता. इलोना कबूल करायला तयार होती. 'टॅलो बोलत नाही तेव्हा चांगला वाटतो. बोलायला लागला की शाळेच्या निरोपसमारंभात भाषण करणारा मुलगा वाटतो.' वाचून ती एकटीच हसली. मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

सदराचा नियम होता, की प्रत्येक मुद्द्यापुढे त्या प्रसंगाची वेळ लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याला परत जाऊन बघता येतं. ब्रायडीने लिहिलं होतं, 'एक तास चार मिनिटं'. पुढे 'एक तास एकतीस'. त्याच्या पुढे 'एक तास सत्तेचाळीस'.

भाग बावन्न मिनिटांचा होता. इलोनाने स्वतः पाहिला होता, एका बैठकीत, बटर टार्ट नावाच्या गोड पेस्ट्रींचं अख्खं खोकं संपवत.

आणि 'फसलं'च्या रकान्यात पहिलाच मुद्दा: 'दफनविधीच्या प्रसंगात ऑर्गन वाजतो तो एखाद्या जुन्या भुताच्या सिनेमातून चोरल्यासारखा.' त्या प्रसंगात संगीतच नव्हतं. इलोनाला पक्कं आठवत होतं, कारण तिथेच बाबा म्हणाले होते, "आवाज गेला की काय?" आणि 'जमलं'मध्ये तर कहर. 'एक तास एकतीसला टॅलोची बहीण दवाखान्यातल्या पलंगावर डोळे उघडते, तो सगळ्या मालिकेतला सर्वांत चांगला क्षण.' कुठली बहीण? कुठला पलंग? बहीण पहिल्याच भागात जळून मेली होती.

मधल्या सुट्टीत इलोना मिस्टर पेलेग्रिनोंकडे गेली. ते इतिहास शिकवायचे आणि 'भट्टी'वर लक्ष ठेवायचे.

"सर, समजा कुणी न बघताच परीक्षण लिहिलं. मशीनकडून वगैरे. तर?"

"कोण?"

"समजा म्हटलं मी."

"समजा असेल, तर त्या समजाचं नाव बुधवारी पानाबरोबर हवं मला," ते म्हणाले. "मागच्या सत्रातल्या तीन कविता विसरली नाहीस ना? आईवडिलांनी केवढं कौतुक केलं आणि लिहिल्या होत्या यंत्राने. तेव्हापासून नियम काय आहे?"

"संपादकाने सही करायची. पान खरं आहे म्हणून."

"आणि खोटं असेल तर लिहिणाऱ्याचं सदर बंद, घरी पत्र. मला आवडत नाही असलं करायला, इलोना. पण करतो मी."

म्हणजे बुधवारपर्यंत दोनच रस्ते. सही करायची, नाहीतर ब्रायडीचं नाव द्यायचं. ब्रायडी, जी नववीत इलोनाला जेवणाच्या टेबलावर स्वतःहून सरकून जागा देणारी पहिली मुलगी होती.

ती तळघरातल्या खोलीत परतली तेव्हा क्रीडा पान सांभाळणारी मुलगी शेजारच्या टेबलावर तिचं पान लावत होती. इलोनाची नजर सहज तिकडे गेली आणि तिथेच अडकली. दूर उत्तरेला सडबरीला मुलींची हॉकी स्पर्धा, रविवारी संध्याकाळी शेवटचा सामना, बर्फात बस अडकली, संघ रात्री एक वाजता हॅमिल्टनला. ब्रायडी कॅव्हना, दोन गोल.

नऊ वाजता ब्रायडी बसमध्ये होती.

शेवटच्या तासानंतर तिने ब्रायडीला लॉकरपाशी पकडलं. ब्रायडीच्या बुटांवर अजून रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग होते.

"काय गं, दोन गोल मारलेस म्हणे."

"तीन. एक पंचांनी खाल्ला."

"आणि टॅलो कधी पाहिलास?"

"बसमध्ये," ब्रायडी म्हणाली, जरा जास्तच पटकन. "फोनवर. का?"

"काही नाही. आवडला लेख."

"मग तोंड असं का केलंयस, दुधात माशी पडल्यासारखं?"

इलोना हसली. मग क्रीडा पानाच्या मुलीला जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, "त्या रस्त्यावर? अगं, तिथे फोनला रेंज नसते. तीन तास आम्ही गाणी म्हणत होतो. ब्रायडी तर झोपली होती, माझ्या खांद्यावर लाळ गाळत."

म्हणजे थेट तोंडावर खोटं.

सोमवारी संध्याकाळी इलोनाने भाग पुन्हा लावला आणि वही घेऊन बसली. चोर पकडायचा तर नीट पकडायचा. ब्रायडीच्या प्रत्येक वेळेतून तिने सहज एक तास काढून टाकला, नुसतं बघू या म्हणून. चौथ्या मिनिटाला गल्लीतली मारामारी, जवळजवळ बरोबर. सत्तेचाळिसाव्या मिनिटाऐवजी पंचेचाळिसाव्याला छतावरचा प्रसंग, तोही बरोबर. लेखात दिलेलं टॅलोचं कंटाळवाणं भाषण शब्दन्‌शब्द बरोबर. फक्त एकतीसला बहीण नव्हती, आणि दफनविधीत ऑर्गन नव्हता. तिथे एका बाईच्या टाचा दगडावर वाजत होत्या, बस, दुसरं काही नाही.

आता तिला खरंच कळेना. मशीनने लिहिलं असतं तर सगळंच भलतं निघालं असतं. हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं जास्त संशयास्पद वाटतं. ही मुलगी कुणाकडून तरी घेतेय, तिने ठरवलं. कुणीतरी तिला पुरवतंय.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती लेखाचा कागद घडी करून ब्रायडीच्या घरी गेली. कॅव्हनांच्या घरी इलोना शंभरदा गेली असेल. ब्रायडीची आई नोरीन गॅरेजमध्ये काम करायची, चित्रपटांना लागणारे आवाज काढायची: पावलं, कपड्यांची सळसळ, दारांची कुरकुर. कुठल्या चित्रपटांसाठी ते विचारायचं नाही, हा त्या घरचा नियम. गॅरेजच्या दारावर लाल दिवा असला की नुसतं शिंकायचंही नाही. आजही दिवा लाल होता.

स्वयंपाकघरात ओट्यावर सेलरीच्या, त्या कडक देठांच्या भाजीच्या, पाच जुड्या पडल्या होत्या. इलोनाला पहिल्यांदाच जाणवलं, की या घरात सेलरी नेहमीच असते आणि खाताना कुणी दिसत नाही.

तिने कागद टेबलावर ठेवला.

"बसमध्ये रेंज नव्हती," ती म्हणाली.

ब्रायडी ओट्यावरच्या जुड्या नीट लावू लागली.

"भाग बावन्न मिनिटांचा आहे आणि तुझं घड्याळ दीड तासाच्या पुढे धावतंय. ऑर्गन नाही. बहीण नाही. कुठून आणलंस हे? खरं सांग, ब्रायडी. उद्या सरांना नाव द्यायचंय मला."

"बहीण नाही?" ब्रायडीने विचारलं. बाकी सगळं जणू ऐकूच आलं नव्हतं. "नाही म्हणजे? काढली?"

"काढली म्हणजे काय? कधी होती?"

ब्रायडीचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात गॅरेजमधून आवाज आला. कडाड्. मग पुन्हा, ओला, रसरशीत, कडाड्. रविवारी टॅलोने गल्लीतल्या गुंडाचा हात पिरगळला तेव्हा अगदी असाच आला होता, आणि बाबांनी टार्ट खाली ठेवला होता.

इलोनाने सेलरीकडे पाहिलं. मग गॅरेजच्या दाराकडे.

"तुझी आई," ती म्हणाली.

"हळू बोल."

"टॅलोची हाडं तुझी आई मोडते?"

"हळू बोल म्हटलं ना," ब्रायडी कुजबुजली, आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. आईकडे तीन-चार आठवडे आधी कच्ची प्रत येते. चित्रावर आडवं आईचं नाव छापलेलं असतं, म्हणजे बाहेर गेली तर कुणाकडून गेली ते कळावं, आणि खाली वेळेचे आकडे पळत असतात. गॅरेजला मागच्या बाजूला खिडकी आहे. कचऱ्याच्या डब्यावर उभं राहिलं की पडदा दिसतो आणि आवाजही ऐकू येतो.

"दर भाग तू डब्यावर उभी राहून बघतेस?"

"हाच एक. शपथ. शुक्रवारी रात्री आईने आपलं काम तपासायला हीच जुनी प्रत पुन्हा लावली होती. रविवारी मी नसणार होते, आणि तू आठच्या आत हवा म्हणालीस. मला वाटलं, भाग तोच असणार ना."

"आणि एक तास?"

"त्या लोकांचं घड्याळ शून्याऐवजी एक तासापासून सुरू होतं. सगळ्या प्रतींवर तसंच असतं. मी लहानपणापासून तेच बघतेय, माझ्या डोक्यातच नाही आलं. ऑर्गन तात्पुरता असणार, नंतर खरं संगीत घालतात. पण बहीण..." तिने कागद उचलला. "इलोना, बहीण काढली नसणार. शेवटच्या भागासाठी राखून ठेवली असणार. हे छापलं असतं ना, तर सगळ्या जगाला कळलं असतं. 'भट्टी' नेटवर जाते. आणि आईने काही बाहेर फोडणार नाही अशा कागदावर सही केलीय. तिला पुन्हा कुणी काम देणार नाही. कधीच नाही."

इलोनाला आपला शुक्रवारचा जिना आठवला. मैत्री गेली खड्ड्यात.

गॅरेजचं दार उघडलं. नोरीन बाहेर आली, एका हातात बायकांचा उंच टाचांचा बूट, दुसऱ्या हातात सेलरीचे चिंधडे.

"काय चाललंय? दोघींची तोंडं अशी का?"

"काही नाही, नोरीन," इलोना म्हणाली. "लेख परत लिहायचाय. ब्रायडीने वेळा चुकवल्यात."

"कसल्या वेळा?"

"भागातल्या. घाईत लिहिलं तिने. माझ्यामुळे."

नोरीनने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. ब्रायडीने त्यावर सहज ठेवल्यासारखा हात ठेवला होता, पण सहज ठेवलेल्या हाताची नखं अशी पांढरी होत नाहीत. नोरीनने तो हात पाहिला, लेकीला पाहिलं, इलोनाला पाहिलं. चिंधडे कचऱ्यात टाकले आणि तिथेच उभी राहिली.

"चल, लाव," इलोना ब्रायडीला म्हणाली. "आत्ता बघायचा. जो लागला तो भाग."

दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बावन्न मिनिटं दोघींनी तो पाहिला. ब्रायडीने नवी वही घेतली. भाषण आलं तेव्हा दोघी एकदम म्हणाल्या, "भाषण." गल्लीतल्या मारामारीत काळोख एवढा होता, की कोण कुणाला मारतंय ते नुसतं हाडांवरून कळत होतं, आणि ब्रायडीने ते 'फसलं'मध्ये लिहिलं, मग खोडून 'जमलं'मध्ये लिहिलं, मग दोन्हीकडे लिहिलं. एकतिसाव्या मिनिटाला नुसता रिकामा कॉरिडॉर होता. ब्रायडीने पेन खाली ठेवलं. तिला त्या बहिणीचं खरंच वाईट वाटत होतं.

मग दफनविधी. ऑर्गन नाही. ओल्या दगडावर टाचा, एक, एक, मग थोडं अडखळून एक. कारखान्यातल्या मेलेल्या कामगाराची बायको. पडद्यावर तिचा चेहरासुद्धा दाखवला नव्हता, आणि तरी ती रडतेय हे इलोनाला कळलं. तिने मागे पाहिलं. नोरीन दाराच्या चौकटीत उभी होती, आणि तिचं एक पाऊल जमिनीवर अगदी हलकं, आवाज न करता, त्या बाईबरोबर चालत होतं.

बुधवारी इलोनाने पानावर सही केली. मिस्टर पेलेग्रिनोंनी पान घेतलं, पण हात पुढेच ठेवला.

"आणि तो समजा?"

"माझा संशय चुकीचा होता, सर."

"काय संशय होता?"

"की न बघताच लिहिलंय."

"आणि?"

"बघितलंय तिने," इलोना म्हणाली. "दोनदा."

'तिने' म्हणायला नको होतं, हे तिला म्हटल्याबरोबर कळलं. पानावर लिहिणाऱ्या मुलीचं नाव एकच होतं. सरांनी ते वाचलं, चष्म्यावरून इलोनाकडे पाहिलं, आणि ती तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. सहा महिन्यांपूर्वी तिने खाली पाहिलं असतं. शेवटी त्यांनी पान बाकीच्या पानांत ठेवलं.

"सही तुझी आहे," ते म्हणाले. "लक्षात ठेव."

गुरुवारी 'भट्टी' वाटली गेली. 'जमलं'च्या रकान्यात पहिला मुद्दा होता, 'एकोणचाळिसावं मिनिट, दगडावरच्या टाचा.' जेवणाच्या टेबलावर तीन जणी त्यावरून भांडत होत्या, संगीत हवं होतं की नको. ब्रायडी सँडविच सोलल्यासारखं उलगडत होती, खात नव्हती.

"आईने वाचलं," ती म्हणाली.

"मग?"

"काही नाही. दोनदा वाचलं. मग गॅरेजमध्ये गेली आणि मागच्या खिडकीला आतून जाड कागद चिकटवला. कचऱ्याचा डबा उचलून समोरच्या बाजूला ठेवला."

"काही बोलली?"

"जेवायला बोलावलं," ब्रायडी म्हणाली. "सेलरीचं सूप होतं."

इलोनाने ब्रायडीचं अर्धं सँडविच उचललं आणि जागा करून द्यायला बाकावर थोडी सरकली, कारण आणखी एक मुलगी ताट घेऊन जागा शोधत उभी होती.